कानापासून काढलेला चेहरा

त्याला सगळे ठिपका म्हणायचे. घरं रंगवायचं काम. संध्याकाळी कितीही घासून अंघोळ केली तरी रंगाचा एक ठिपका अंगावर राहायचाच, कधी भुवईत, कधी कोपरावर. खरं नाव काय, ते त्याच्या लेकीलाही जरा थांबून सांगावं लागे.

चित्रं काढायला त्याला कोणी शिकवलं नाही. लहानपणी तापाने अंथरूण धरलं होतं, तेव्हा छतावरच्या ओलीच्या डागांत त्याला माणसं दिसायला लागली. ताप उतरला, माणसं काही उतरली नाहीत. पुढे साबणाच्या खोक्यावरच्या बायका आणि न्हाव्याच्या दुकानातल्या तसबिरी, एवढीच काय ती त्याची शाळा. म्हणून तर त्याने काढलेला भिकारीसुद्धा नुकताच केस कापून आल्यासारखा दिसे. पाय मात्र कोणालाच नसत. "गुडघे मोडून खाली कोण बसणार?" म्हणायचा.

कागद त्याने कधी घेतला नाही. भिंतीच्या भेगा बुजवायला भरलेली लांबी वाळली की कोळशाचा तुकडा घ्यायचा, हात पोचेल तेवढं चित्र काढायचं, आणि मग आपल्याच हाताने त्यावर रंग चढवायचा. घरमालकाला पत्ताही नसे. बायको गेल्यापासून तर चित्रात दुसरं कोणी येतच नव्हतं. प्रत्येक भिंतीत तीच. सुरुवात कानापासून, कारण ती जिवंत असताना सहसा समोर बसायचीच नाही. सदा चुलीकडे तोंड, आणि याच्या वाट्याला एक कान. "माझं तोंड कशाला काढताय? आरशात कमी दिसतं का मला?" म्हणायची. फोटोही काढू दिला नाही. लेक रांगत होती तेव्हा ती तापाने गेली.

तेव्हापासून काम संपलं की तो खोलीतून पाठ फिरवून निघत नसे. भिंतीकडे बघत बघत, मागे सरकत दाराबाहेर पडायचा. लोकांना वाटे, गडी काम निरखतोय.

फक्त स्वतःच्या घरात, दारासमोरच्या भिंतीवर, एक चेहरा त्याने उघडा ठेवला होता. पुसट झाला की त्यावरच पुन्हा कोळसा फिरवायचा. लेक त्या चेहऱ्यासमोर वाढली. त्यातल्यासारखाच भांग पाडायची. येणारा जाणारा म्हणे, "अगदी आईवर गेलीय हो!" ती फुलून यायची. आई म्हणून तिच्याकडे तेवढंच होतं.

एके सकाळी शिंपीण दारात उभी. माडीवरच्या तिच्या खोलीला फार वर्षांपूर्वी यानेच पहिला रंग दिला होता.

"ठिपकाभाऊ, माझ्या भिंतीतून एक बाई बघतेय."

"ओल आली असेल."

"ओलीला कान असतो का? काल मशीनवर बसले तर मानेवर कोणी श्वास सोडल्यासारखं झालं. गिऱ्हाईक ब्लाऊज टाकून पळालं!"

ठिपक्याने चहाचा कप खाली ठेवला. ती भिंत त्याला आठवली. बायको जेवण घेऊन आली होती आणि उलट्या बादलीवर बसली होती, त्या एका दिवशी समोर तोंड करून. कोळसा जवळ नव्हता. त्याने तिने आणलेल्या भांड्याच्या बुडावर बोट फिरवलं, काजळी आणि तेल दोन्ही लागलं, आणि त्या बोटाने तिला भिंतीवर काढलं. तिच्याकडे बघून काढलेली ती एकच.

तो रंग खरवडायची पट्टी आणि बादली घेऊन तडक माडीवर गेला. तेलकटावर रंग कधी धरत नाही. जिथे जिथे त्याचं बोट फिरलं होतं, तिथे तिथे पापुद्रे सुटले होते. त्याने पट्टी हलकेच खाली सारली. कान आला. ओळखीचा. मग हनुवटी. ती आखूड निघाली. मग ओठ, एका बाजूने चढलेले, हसू दाबलेले. नाक बसकं.

घरच्या भिंतीवर होती ती ही नव्हतीच.

"कोण हो ही?" शिंपिणीने विचारलं.

घरच्या भिंतीवर कोळसा फिरवताना समोर बसून अभ्यास करणारी, वेणी घालणारी पोर दिसायची. डोळ्यापुढे होतं तेच हातातून उतरत गेलं होतं. म्हणजे इतकी वर्षं लोकांच्या भिंतींत त्याने कोणाला पुरलं? जित्या लेकीला. आणि जी मेली, ती एकटी इथे रंगाखाली वाट बघत बसली होती.

जिन्यात चपला वाजल्या. लेक डबा घेऊन आली होती. भिंतीकडे बघून थबकली.

"बाबा, ही कोण?"

ठिपक्याने पट्टी पुसली. पुन्हा पुसली. जुनी भाडेकरीण म्हटलं असतं तर मिटलं असतं. लेकीची आई घरी शाबूत राहिली असती. पण भिंतीतली हसू दाबून त्याच्याकडेच बघत होती.

"तुझी आई," तो म्हणाला.

"मग घरी आहे ती?"

"ती तू. मला कळलंच नाही ग, तिची तू कधी झालीस ते."

लेक उलट्या बादलीवर बसली. मग नाकाला हात लावून म्हणाली, "मग मी गेले कोणावर?"

"माझ्या आईवर. फार भांडखोर बाई होती."

ती हसली, आणि हसता हसताच रडायला लागली. शिंपिणीने मशीनवरची चिंधी तिच्या हातात दिली.

शेवटी भिंत रंगवणं भागच होतं, गिऱ्हाईक यायला हवं. ठिपक्याकडे डाग कायमचा दाबणारं अस्तर होतं. त्याने अस्तराचा डबा उघडलाच नाही. साधा रंग कालवला. ओठांपाशी येऊन तो थांबला, तेव्हा लेकीने ब्रश घेतला आणि कान तेवढा शेवटी झाकला.

"परत नाही ना येणार?" शिंपिणीने विचारलं.

"येईल," ठिपका म्हणाला. "पावसाळ्यात."

शिंपिणीने भिंतीकडे एकवार पाहिलं. "येऊ दे बिचारीला. पण गिऱ्हाईकासमोर नको म्हणावं."

ठिपका बादली उचलून पाठ फिरवून निघाला, बऱ्याच वर्षांनी. दारात त्याने वळून पाहिलं. लेक भिंतीकडे बघत, एकेक पाऊल मागे सरकत येत होती.