मुलाखतीला मामा

आमच्या विधी महाविद्यालयातल्या करिअर मार्गदर्शन कक्षाकडून मला हल्ली अधूनमधून बोलावणं येतं. खेड्यांतून आलेल्या मुलामुलींना मुलाखतीची तयारी कशी करावी, हे मी सांगायचं असतं. वेळेवर पोहोचा, कपडे इस्त्रीचे घाला, येत नसेल ते येत नाही म्हणा, एवढं सांगून मी चहा पिते आणि परत येते. माझं स्वतःचं कसं जमलं ते मात्र सांगत नाही. सांगितलं तर कक्षाच्या मॅडमना पुढच्या वर्षीपासून प्रत्येकाच्या मामाची सोय करावी लागेल.

मी डिंगोऱ्याची. आमच्या घरात माझ्याआधी कोर्टात गेलेले पुष्कळ, पण सगळे पक्षकार म्हणून. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, हे आमच्याकडे तारखेला निघतानाच एकमेकांना सांगतात. अशा घरातून मी पुण्याला कायदा शिकायला गेले. महाविद्यालयानं खरंच काही कमी केलं नाही. वाचनालय होतं, लुटुपुटीचे खटले चालवायचं अभिरूप न्यायालय होतं, आणि हा कक्ष होता. बायोडेटा लिहायला शिकवायचा, मुलाखतीचा सराव घ्यायचा आणि सुट्टीत एखाद्या वकिलाच्या हाताखाली शिकायला पाठवायचं, ही कक्षाची कामं. त्या शिकण्याला इंटर्नशिप म्हणतात, हे मी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजी उमेदवारी. सरळ सांग की."

माझी अडचण सरावापासूनच सुरू झाली. मॅडम म्हणाल्या, "स्वतःबद्दल सांग." मी सांगितलं, गाव डिंगोरे, आजोळ पिंपरी पेंढार, वडील शेती करतात, थोरल्या चुलत्यांचं ओतूरला दुकान आहे, आत्या नारायणगावला दिलीय.

"मी तुझ्याबद्दल विचारलं," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, हे माझ्याबद्दलच आहे."

आमच्याकडे कोण गं तू, असं विचारलं की कोणाची ते सांगायचं असतं. आपण किती हुशार आहोत हे आपल्या तोंडानं सांगणाऱ्याला आमची माणसं उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणून मोकळी होतात. तुमची स्तुती दुसऱ्यानं करायची, तीही तुम्ही खाली बघत असताना. मॅडमना हे कसं सांगावं मला कळेना. त्यांनी माझ्या बायोडेट्यात टोमॅटो निवडण्याच्या कामाचं 'शेतमाल व्यवस्थापनाचा प्रत्यक्ष अनुभव' असं करून दिलं. ते वाचताना मला माझीच लाज वाटायची.

अभिरूप न्यायालयातही तेच. वाद घालायला उभी राहिले की मी "समोरच्यांचं बरोबर आहे, पण" अशी सुरुवात करी. गावात भांडण मिटवायला बसलं की असंच बोलतात, नाहीतर समोरचा उठून जातो. परीक्षक मात्र "बरोबर आहे" एवढंच लिहून घेत.

पुण्यातल्या वकिलांच्या कार्यालयांतून एकामागून एक "कळवू" असं उत्तर आलं आणि कोणीच कळवलं नाही. वर्गातल्या सगळ्यांची सुट्टी ठरली, माझीच राहिली. तेव्हा मी मनाशी पक्कं केलं, की या सुट्टीत कोणी घेतलं नाही तर कायदा सोडायचा आणि तलाठ्याच्या परीक्षेला बसायचं. कोर्टात उभं राहून बोलण्याचं स्वप्न आपल्या लायकीचं नव्हतं, असं समजायचं. घरी कोणाला सांगितलं नाही. पण त्या विचारानं जेवण जात नव्हतं, हे खरं.

शेवटी मॅडमनी घोडेगावच्या एक वकीलबाई सुचवल्या. आमच्याच महाविद्यालयातून शिकलेल्या, शिनोलीपासून वरच्या डोंगरातल्या गावांचे जमिनीचे आणि वनहक्काचे दावे चालवणाऱ्या. दर सुट्टीत एकच विद्यार्थी घ्यायच्या. मला असंच काम हवं होतं. मॅडमनी निक्षून सांगितलं, "पालकांना बरोबर न्यायचं नाही." मी ते आईला बजावलं.

आई म्हणाली, "आमी कुठं येतोय? मामा येतील. मामा काय पालक न्हाई."

कायद्याच्या दृष्टीनं मुद्दा बिनतोड होता.

मामा पिंपरी पेंढारहून सकाळीच पिकअप घेऊन आमच्या दारात हजर झाले. पांढरी टोपी, पांढरा शर्ट, मागच्या हौद्यात टोमॅटोचे रिकामे क्रेट आणि पुढे पिशवीत नारळ. असा पोशाख ते सोयरीक ठरवायला जाताना करतात. मी म्हटलं, "मामा, तुम्ही गाडीतच बसा हं." ते म्हणाले, "बरं." जुन्नर मागं पडेपर्यंत आम्ही दोघंही गप्पच होतो. मामांचं माझ्याशी बोलणं गेली काही वर्षं तुटकच होतं.

वकीलबाईंचं कार्यालय म्हणजे एक खोली, लाल कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे आणि पक्षकारांसाठी दोन बाकं. मी आत जाऊन बसते तोवर मामा मागच्या बाकावर येऊन टेकलेही. बाईंना वाटलं, कोणी पक्षकार असेल.

"स्वतःबद्दल सांग," बाई म्हणाल्या.

मॅडमनी पाठ करून घेतलेलं सगळं जिभेवर होतं. पण पाठीमागे मामा बसलेले. वडीलधाऱ्यासमोर "माझ्यात नेतृत्वगुण आहेत" कसं म्हणायचं? मी "मी मेहनती आहे" एवढं म्हणाले आणि कान तापले. बाईंनी विचारलं, "मी तुलाच का घ्यावं?"

"बघा, तुम्हीच," मी म्हणाले.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "ठीक आहे. कळवते."

मी उठलेच होते, तेवढ्यात मागून आवाज आला. "कळवते नको, म्याडम."

बाईंनी मान वाकडी करून पाहिलं. "आपण कोण?"

"मी हिचा मामा. दिवाळीला हिला बघायला पावणं आलं व्हतं. पोहं खाल्लं, कळवतो म्हनलं, आन् अजून कळवत्यात. पोर घरात फोन वाजला की दचकती. तवा हां का न्हाई ते आत्ताच सांगा. आमी राग मानायचो नाय."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. त्या पाहुण्यांच्या फोनची मी कधीच वाट पाहिली नव्हती. मी दचकायची ती वकिलांच्या फोनसाठी. पण माझं दचकणं मामांनी पाहिलं होतं, हे मला त्याच क्षणी कळलं.

बाईंनी मामांना पुढच्या खुर्चीवर बसवलं. बसताबसता मामांनी त्यांचं माहेर विचारून घेतलं. मंचर निघालं. तिथे आमची कोणी चुलतमावशी दिलेली आहे, हेही निघालं. मग बाईंनीच विचारलं, "बरं मामा, कशी आहे तुमची भाची?"

दिवाळीत त्या पाहुण्यांसमोर याच मामांनी मला गरीब गाय म्हटलं होतं. वर तोंड करून बोलत नाही, अशी शपथच घेतली होती. आता ते खुर्चीत पुढे सरकले.

"म्याडम, लई भांडखोर हाय."

बाईंनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं.

"खोटं नाय सांगत. बारावीला व्हती, सुट्टीला आमच्याकडं आलेली. माझा आन् शेजाऱ्याचा बांधावरनं वाद चाललेला. चार माणसं वट्यावर बसलेली. समदी माझ्या बाजूनं, कारण चहा माझा व्हता. ही उठली, शेतात जाऊन आली आन् म्हनली, मामा, बांध तुमी कोरलाय. माझ्या वट्यावर, माझाच चहा पिऊन, माझ्याइरुद्ध निकाल! त्यो शेजारी अजून तिची आठवन काढतो."

मला ती संध्याकाळ आठवली. त्यानंतरच मामा तुटक झाले होते.

बाई माझ्याकडे वळल्या. "मामांचं खरंच चुकलं होतं?"

मी तोंड उघडलं आणि मला आपण मुलाखतीत आहोत याचा विसर पडला. हद्दीचा दगड जांभळीच्या बुंध्याशी होता, बांध पूर्वी दगडाच्या सरळ रेषेत जायचा, पण नांगरटीत मामांच्या बाजूनं दर वर्षी थोडा थोडा कापला गेला आणि नवी माती शेजाऱ्याच्या बाजूला टाकली गेली, हे सगळं मी टेबलावर बोटानं रेघा ओढून सांगितलं.

"दगड पुरात सरकला व्हता," मामा मध्येच म्हणाले.

"तुमचं बरोबर आहे मामा, पण दगडाबरोबर जांभळपण सरकली का?"

"ओढ्याचं पानी तू बघितलं व्हतं का?"

"त्या वर्षी पाऊसच कुठं झाला होता? तुम्हीच सांगत होता, विहिरीनं तळ गाठला म्हणून."

मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. दारात थांबलेले दोन पक्षकार आत डोकावून ऐकत होते. बाईंनी हसू दाबत विचारलं, "मग मामा, बांधाचं पुढं काय झालं?"

मामा छताकडे बघत म्हणाले, "घेतला मागं. त्याच उन्हाळ्यात. पोरीपुढं कशाला सांगायचं?"

हे मला ठाऊक नव्हतं.

"तुला स्वतःबद्दल बोलता येत नाही," बाई मला म्हणाल्या. "दुसऱ्याबद्दल येतं. वकिलाला तेवढं पुरतं. सोमवारी सकाळी ये, शिनोलीला जायचंय." मग मामांकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही येऊ नका. तुम्ही आलात तर मला काम उरणार नाही."

मामांनी ही दाद समजून पिशवीतला नारळ टेबलावर ठेवला.

परतताना मामांनी न विचारता गाडी डिंगोऱ्याच्या फाट्यावरून पुढे पिंपरी पेंढारला काढली आणि थेट शेताशी उभी केली. मी उतरून बांधापर्यंत चालत गेले. बांध रुंद होता आणि त्यावर जुनं, मूळ धरलेलं गवत होतं. काम कालपरवाचं नव्हतं. एवढी वर्षं मी समजत होते, मामांनी मला माफ केलेलं नाही. त्यांनी तर माझा निकाल त्याच उन्हाळ्यात मान्य केला होता. मला भरून आलं आणि मी ते लपवलं नाही.

मामा शेजारी येऊन उभे राहिले. मी डोळे पुसले, जांभळीकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं, पुन्हा बांधाकडे पाहिलं.

"मामा," मी म्हणाले, "अजून हातभर मागं यायला पाहिजे."

मामा गाडीकडे वळले.

"सोमवारपासनं बोल की," ते म्हणाले. "आज तरी गप बस."