फक्कीचे पट्टे

मैदानावर मारलेल्या फक्कीचा वास आला, की जळगावात आमच्या शाळेसमोरचा तो हायवे आठवतो. अर्ज करूनही गतिरोधक मिळेना, म्हणून आम्ही शिक्षकांनीच खो-खोची फक्की आणून रस्त्यावर पांढरे पट्टे आखले आणि पोरांना बजावलं, "पट्ट्यांवरूनच रस्ता ओलांडायचा." शाळा सुटेपर्यंत केळीच्या ट्रकांनी ते पार पुसून टाकले. पहिलीतली एक पोर रस्त्याच्या मधोमध खाली वाकून उभी, आणि समोरून ट्रक. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. मी धावत जाऊन तिला उचललं, तर ती विचारते, "गुरुजी, पट्टा कोठे शे?" दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा फक्कीच मारली. दुसरं होतं काय आमच्या हाती? आता तिथे रंगाचे पक्के पट्टे आहेत. तरी त्यांवर पाय ठेवताना मी शेजारच्याचा हात धरतो.