हळकुंडं घेऊन कोपरखैरण्याला

सांगलीच्या माणसाला परगावच्या लग्नाचं बोलावणं आलं की शेपटीला एक काम बांधलेलंच असतं: येताना हळद आणा. जयवंतीनं फोनवर तेच सांगितलं. "सुमनबाय, मानसीची हलद हाय. तुला यावाच लागंल. नि सांगलीची हलकुंडा आन. दललेली पूड नको, आपुन इकरं जात्यावर दलू."

जयवंती आमची जुनी घरमालकीण. बँकेतल्या नोकरीची पहिली वर्षं मी आणि आमचे हे कोपरखैरणे गावात तिच्या खोलीत भाड्यानं राहिलो. ती खाडीकाठची आगरीण, आम्ही घाटावरचे. तिनं मला मासे साफ करायला शिकवलं, मी तिला पुरण वाटायला. पुढे आमची बदली झाली, मग तिचा नवरा गेला, मग माझे हे गेले, पण दिवाळीचा फोन कधी चुकला नाही. मी तिथून निघाले तेव्हा मानसी रांगत होती. आता ती न्हावा शेव्याला, बंदरावर येणाऱ्या मालाचे कागद करणाऱ्या एका कचेरीत नोकरी करते. तिथंच क्रेन बसवायला आलेला स्कॉटलंडचा एक इंजिनियर तिला भेटला. त्याचं नाव कॅलम.

पहाटेच्या गाडीनं निघाले. हळकुंडांची पिशवी मांडीवर घेतली, वर ठेवायला जीव होईना. शेजारच्या बाईंनी कराडपर्यंत दोनदा विचारलं, "सोनं आहे का हो त्यात?" मी म्हटलं, पिवळंच आहे, पण खायचं आहे. घाट उतरल्यावर खिडकीतून तो दमट, खारट वारा आला आणि मी एकदम तिशीतली झाले. ह्यांना हा वास मुळीच आवडायचा नाही. सांगलीला गेल्यावर मात्र तेच म्हणायचे, खाडीशिवाय झोप लागत नाही.

वाशीला उतरून रिक्षा केली. "कोपरखैरणे गावात, विहिरीपाशी," मी ऐटीत सांगितलं.

"मावशी, सेक्टर बोला ना. विहीर मॅपवर नाय येत," रिक्षावाला म्हणाला.

आमच्या वेळी सेक्टर सिडकोच्या नकाशात होते आणि विहीर जमिनीवर होती. ह्या रस्त्याच्या एका अंगाला भातखाचरं असायची, पलीकडे मिठागरं. आता दोन्ही बाजूंना इमारती, त्यांच्या पोटात दुकानं. आम्ही तीनदा एकाच मेडिकलवरून गेलो. चौथ्या वेळी रिक्षावालाच कंटाळला. तेवढ्यात गावाची कमान दिसली आणि कमानीवर मानसी दिसली.

म्हणजे तिचा फ्लेक्स दिसला. दोन मजले उंच. एका बाजूला मानसी, दुसऱ्या बाजूला लालबुंद गालांचा कॅलम, दोघांच्या कपाळाला मुंडावळ्या. खाली "शुभविवाह", आणि त्याहून मोठ्या अक्षरांत "शुभेच्छुक: दामूशेठ". हा जयवंतीचा दीर. गावात बारशापासून बाराव्यापर्यंत काहीही असो, दामूशेठचा फ्लेक्स आधी लागतो.

जयवंती दारातच उभी होती. केस पांढरे झालेत, पण कमरेवर हात ठेवून उभं राहणं तेच. जुनं घर पाडून तिथं चार मजली इमारत झालीय, आमच्या खोलीच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. मी त्या दुकानासमोर जरा थांबले, तशी ती म्हणाली, "बघत काय रालीस? तुजी मोरी पन गेली नि माज्या बापसानं लावलेला शेगटाचा झाड पन गेला. ये वरती." मला रडू आलं ते मी जिन्यावर पुसून टाकलं.

वर कॅलम मांडी घालून जेवत होता. जिताड्याचं (खाडीतला मानाचा मासा) कालवण, तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी. तो भाकरीचा तुकडा अगदी सराईतासारखा मोडत होता. मला पाहून उठायला गेला तर जयवंतीनं त्याच्या खांद्यावर हात दाबून त्याला पुन्हा बसवलं. "लय भारी," तो मला म्हणाला. मानसी हसून म्हणाली, "मावशी, त्याला एवढंच येतं. सगळ्यावर तेच बोलतो."

जेवताना सगळा बेत कळला. कॅलमची दहा दिवसांची रजा संपत आली होती. त्याची आई तिकडे एकटी असते, त्यामुळे त्याला जास्त राहता येत नव्हतं. लग्न तिकडेच, कचेरीत सही करून होणार. मानसी त्याची वाग्दत्त वधू म्हणून व्हिसा काढून जाणार. पण त्याआधी इथं हळद लागणार, हा जयवंतीचा हट्ट. आगऱ्यांत लग्नापेक्षा हळद मोठी. मांडव ठरला होता, बँड ठरला होता, धवलारीण (लग्नातले विधी गाण्यांतून पार पाडणारी बाई) सांगून ठेवली होती.

दुपारी मानसीला व्हिसाच्या सल्लागार बाईंकडे शेवटचे कागद दाखवायचे होते. जयवंतीनं मलाही ओढलं. "तू बँकवाली हाइस, तुला कलंल."

वाशीच्या त्या लहानशा कचेरीत आम्ही चौघं कशीबशी मावलो. मॅडम तरुण होत्या, चटपटीत. त्यांनी आधी बँकेचे कागद पाहिले, मग दोघांची ओळख खरी आहे हे दाखवणारे फोटो चाळायला घेतले. एका फोटोवर त्यांचा हात थांबला. कमानीखाली कॅलम छाती काढून उभा, वर तो फ्लेक्स.

"हे काय आहे?"

कॅलमनं अभिमानानं काहीतरी सांगितलं. आपलं एवढं मोठं चित्र त्याच्या गावात कुणीच पाहिलं नसेल, असं.

"अरे पण ह्यात तुमचं लग्न झालंय," मॅडम म्हणाल्या. "मुंडावळ्या आहेत."

"त्या कॉम्प्युटरवर चढवल्यात, मॅडम," मानसी म्हणाली. "काकांनी फ्लेक्सवाल्याला सांगितलं, डोकं मोकळं दिसतंय."

मी हसले. मॅडम हसल्या नाहीत.

"हे बघा काकू," त्या जयवंतीकडे वळल्या. "तीन रस्ते आहेत. एक, लग्न इथंच, स्पेशल मॅरेज ॲक्टखाली. आधी नोटीस, मग तीस दिवस थांबायचं. त्यानंतर सही आणि मग बायको म्हणून व्हिसा. सर परवा चाललेत, परत कधी येतील माहीत नाही. दोन, सर इथं राहायला येणार. लग्न करून एन्ट्री व्हिसा, पुढे दोन वर्षांनी ओसीआय, म्हणजे इथं कायम राहायचं कार्ड. तोवर नोकरीचं कठीण. तीन, तुम्ही निवडलाय तो. मानसी लग्न न झालेली म्हणून जाणार आणि सहा महिन्यांत तिकडे लग्न करणार. पण मग ती खरंच लग्न न झालेली दिसली पाहिजे. मांडव, हळद, हार, शे-दोनशे माणसांचे व्हिडिओ, हे सगळं उद्या फेसबुकवर जाणार. तिकडचा अधिकारी विचारणार, हे लग्न नाही तर काय आहे?"

"हलद म्हंजे लगीन नाय," जयवंती म्हणाली.

"तुम्हाला माहितीये, मला माहितीये. त्याला कोण सांगणार? टेन्शन देत नाही, पण हे टाळा."

जयवंतीनं पदर सारखा केला आणि उठली.

परतताना रिक्षात मला जयवंतीच्या थोरल्या लेकीची हळद आठवत होती. तेव्हा मी सांगलीहून गेले होते, हे सोबत होते. जयवंतीचा नवरा जाऊन वर्ष झालं होतं. पाच सवाष्णींनी जात्याला हात लावला, हळद दळली, लेकीला लावली, आणि आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पाठ करून बसून राहिली. कुणी तिला ऊठ म्हणालं नव्हतं. तिलाच माहीत होतं. धाकटीच्या हळदीत निदान मांडवाच्या कडेला उभी राहीन, असं ती मला फोनवर म्हणाली होती. आता मांडवच नव्हता.

दामूशेठ तडतडले. "गावाला काय तोंड दाखवू? बँडवाला काय माजा जावय हाय?" पण मानसीनं त्यांच्यासमोर हात जोडले, "काका, माझा व्हिसा गेला तर मी काय करू?" तेव्हा त्यांनी स्वतः शिडी लावून फ्लेक्स उतरवून आणला. घडी करून जिन्यात टाकला आणि न जेवता निघून गेले.

संध्याकाळी जयवंती मला खाडीकडे घेऊन गेली. आता मध्ये भिंत आहे, जॉगिंग ट्रॅक आहे, तिवरांच्या (खाडीतली झाडं) शेंड्यांवर बगळे बसलेले. पूर्वी इथं आम्ही दोघी चिखलातले निवटी मासे पकडणाऱ्या पोरांना ओरडत बसायचो. ती कठड्याला टेकून म्हणाली, "पोरीला अशीच पाठवू काय गं? उघड्या अंगानं?"

तीस वर्षं कर्जांचे अर्ज तपासले, पण ह्या प्रश्नाला माझ्याजवळ शिक्का नव्हता. मी तिचा हात धरून उभी राहिले.

सकाळी मी चहा करत होते तर ती आत आली. आंघोळ झालेली, चेहरा मोकळा. "सुमनबाय, हलद आदी कोनाला लागतं?"

"नवऱ्याला. मग त्याची उष्टी हळद नवरीकडे येते."

"मंग? नवरा कुठं चाललाय उद्या?"

"स्कॉटलंडला."

"त्याला कोनी व्हिसा इचारनार हाय काय? हलद त्याच्यासंगं जाईल."

मी कप खाली ठेवला.

गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली जुनं जातं पालथं पडलेलं होतं. कॅलमनं ते एकट्यानं उचलून मध्ये आणलं. खाली पसरायला स्वच्छ कापड सापडेना, तेव्हा मानसी जिन्यातला फ्लेक्स घेऊन आली. उलटा अंथरला, पांढरी बाजू वर. माझी हळकुंडं खलबत्त्यात फोडली आणि जयवंती जात्यापुढे बसली. बसली आणि थांबली. खुंट्याला हात लावेना.

"आपुन दोगी पन..." ती माझ्या कपाळाकडे बघत म्हणाली.

"इथं कोण बघतंय?" मी म्हटलं. "फोटो काढायची तर बंदी आहे."

ती हसली. मग आम्ही दोघींनी खुंटा धरला. जातं घरघरलं. दुसऱ्या फेऱ्याला ती गुणगुणू लागली आणि तिसऱ्याला धवलारिणीच्या चालीत मोकळ्या गळ्यानं गाऊ लागली. इतकी वर्षं शेजारी राहून तिचा तो आवाज मी ऐकला नव्हता. मानसी कठड्याशी उभी राहून रडत होती. कॅलम तिच्याकडे बघत, काय करावं न कळून, सांडलेली पूड हातानं गोळा करत होता.

लोणच्याची बरणी धुऊन पुसून त्यात हळद भरली. जयवंतीनं ती कॅलमच्या हाती दिली आणि मानसीला म्हणाली, "त्याला समजव. तू तिकरं गेलीस का आदी त्याला लावायची, मंग उरलेली तुला. त्याची आयस लावील ना?"

मानसी घुटमळली. "आई, त्या पण... म्हणजे कॅलमचे बाबा नाहीयेत."

जयवंतीनं बरणीचं झाकण पुन्हा एकदा घट्ट केलं. "मंग बरा हाय. तिकरं तिला उंबऱ्यावर कोन बसवनार नाय."

मानसीनं हे त्याला इंग्रजीत सांगितलं, बराच वेळ लागला. तो या वेळी लय भारी म्हणाला नाही. वाकून जयवंतीच्या पाया पडला.

दुसऱ्या दिवशी तो विमानतळावर गेला आणि मी वाशीहून सांगलीच्या गाडीत बसले. मांडीवर रिकामी पिशवी होती, त्यात जयवंतीनं सुकट भरून दिली होती, तिच्या वासानं पुढच्या-मागच्या सीटवरची माणसं हैराण झाली. घाट चढताना मी नखं पाहिली. कडा पिवळ्याच होत्या. हे गेल्यापासून माझ्या हातांना हळद फक्त भाजीपुरती लागत होती. माझं सामान गावातून केव्हाच हललंय, आमच्या खोलीच्या जागी दुकान आहे, विहीर कुठल्या मॅपवर नाही. तरी त्या गच्चीवर मी जातं ओढून आले, आणि आता ते गाव माझं नाही असं मला म्हणवत नाही.

मानसीला व्हिसा मिळाला, ती गेली. काही दिवसांनी दुपारी जयवंतीचा फोन आला. तिकडे हळद झाली होती. कॅलमच्या आईनं आधी त्याला लावली, मग मानसीला, आणि मानसीनं इकडे व्हिडिओ कॉल लावून फोन समोर कपाटावर उभा करून ठेवला होता.

"मंग ती म्हातारी फोनाच्या जवल आली," जयवंती म्हणाली. "काय बोलली मला नाय कललं. बोट हलदीत बुरवलान नि फोनाला लावलान. समदा पिवला जाला, मला काय दिसंच ना."



"सुमनबाय, तिना मला पन लावली गं."