कौसल्येचा निवाडा

आमच्या कामतघरच्या चाळीत भांडण झालं की कुणी पोलीस चौकीत जात नाही, कौसल्येकडे जातं. लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरून ती दमलेली असते, तरी ओट्यावर दोघींना समोरासमोर बसवते. एकीचं बोलून संपेपर्यंत दुसरीला ब्र काढू देत नाही. मी तिची शेजारीण, कमळ. माझं उलटं. मला आधी राग येतो, कारण मागून सापडतं. "कमळे, तुला एकच कान हाय," ती म्हणायची आणि दोघी हसायचो.

तिचा विकी जहाजावर खलाशी होता. नवरा गेल्यावर एकटीनं वाढवलेलं एकुलतं एक पोर. तिकडे परक्या समुद्रात दोन देशांचं जुंपलं आणि मधल्या मध्ये विकीच्या जहाजाला भगदाड पडलं. मालाचं जहाज ते, कुणाच्या अध्यात ना मध्यात. विकी सापडलाच नाही. एक देश म्हणाला, त्यांनी ड्रोन मारला. दुसरा म्हणाला, आम्ही कशाला मारू, यांनीच पाण्यात सुरुंग पेरलेत. देशांची नावं इथं घेत नाही, घेतली की आमच्या नाक्यावर लगेच दोन तट पडतात.

तेव्हा मात्र मी त्यातल्या एकाचं नाव घेत होते, चांगलं तोंड भरून! मोबाइलवर व्हिडिओ आला होता ना. वरून काहीतरी येतं आणि भक्कन जाळ होतो. सगळ्या चाळीला दाखवला मी तो. मग कुणीतरी म्हणालं, हा जुना आहे, यातलं जहाजच वेगळं आहे. म्हटलं, गेलं उडत, मेले तेच असणार.

पोरांनी विहाराजवळ श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला. विकीचा हसरा फोटो, खाली त्या देशाचं नाव आणि 'भ्याड हल्ल्यात'. आमच्याकडे फ्लेक्सवर छापलं की ते खरंच झालं. कौसल्या अनवाणीच खाली धावली.

"ही ओळ झाका," म्हणाली. "हरेश येतोय. तो विकीच्या जहाजावर होता. त्याचं ऐकल्याशिवाय माझ्या पोराच्या फोटोखाली कुणाचं नाव लावायचं न्हाय."

पोरांनी कुरकुरत वर पांढरा कागद चिकटवला. मला असा संताप आला! अगं बाई, पोटचा गोळा गेला तुझा, आणि न्याय कसला करत बसलीस?

विकीच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला हरेश आला. वाळलेला, एक हात बांधलेला. त्रिशरण-पंचशील झालं, चार माणसं विकीबद्दल बोलली, मग सगळ्यांच्या माना हरेशकडे वळल्या. कौसल्येनं त्याला जवळ बसवलं. "बाळा, घाबरू नको. बघितलं तेवढंच सांग."

"मावशी, मी खाली इंजिनपाशी होतो. मोठ्ठा आवाज झाला, लाइट गेली. आम्हाला बोटीत घेतलं तेव्हा भगदाड बघितलं. अर्धं पाण्याच्या वर, अर्धं खाली. आमच्यातले कोण म्हणतात वरून आलं, कोण म्हणतात खालून. ते येताना मी काही बघितलं नाही."

"आणि विकी?"

"तो वर डेकवर होता." हरेश म्हणाला. "बघितलं असेल तर त्यानंच."

मागून एकजण म्हणाला, अरे, अंदाजे तरी सांग. कौसल्येनं हातानंच त्याला गप्प केलं.

माणसं जेवून गेली. आम्ही दोघी मोरीपाशी भांडी घासायला बसलो. ही बाई दगडाची आहे, असं माझ्या मनात आलं. तेवढ्यात तिचा हात थांबला.

"कमळे, हे म्हणतील त्यांनी, ते म्हणतील यांनी. मी मरेपर्यंत हेच चालणार. मला रडता पण येत न्हाय गं. रात्रंदिवस डोक्यात एकच, कोण, कोण. तू सांग ना एक नाव. सगळ्यांना सांगत होतीस ना? खोटं असलं तरी चालेल. मला एकदा कुणाला तरी पोटभर शिव्या घालू दे."

इतके दिवस ते नाव माझ्या जिभेवरच होतं. मी तोंड उघडलं, आणि तिच्या डोळ्यांत बघून मला ते सांगताच येईना.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, लहान पोरीसारखी. मग म्हणाली, "तुला पण माहीत न्हाय." आणि उरलेलं पातेलं पुढे ओढून घासायला लागली.