गुरनूर माझ्या हवाली

आमची ती स्टडी टूर जर्मनीची होती की ऑस्ट्रियाची, यावर घरी अजून मतभेद आहेत. पासपोर्टवरचा शिक्का बघितला तर वाद मिटेल, पण पासपोर्ट कुठे ठेवलाय तेही मला आठवत नाही! त्यात जुने विद्यार्थी चहाला आले की प्रवासाच्या त्या पहिल्या दिवसाला दरवेळी नवा किस्सा चिकटतो. तेव्हा पुढचं सगळं थोडी शंका धरूनच वाचा.

मी चंदीगडला केमिस्ट्री शिकवायचो. मुलांना घेऊन परदेशी निघायची पहिलीच वेळ. मुलं घाबरू नयेत म्हणून त्यांच्या वाटचं मीच घाबरून घेत होतो.

*

गुरनूर वर्गातली सर्वांत हुशार मुलगी. तिकडच्या लॅबमध्ये तिची पीएचडीसाठी मुलाखत ठरलेली. व्हिसा झाला, तिकीट झालं, आणि वडील फिरले. "कुडी इतक्या लांब एकटी? नाही!" आदल्या दिवशी मात्र अचानक तयार झाले. मला वाटलं, माझे पांढरे केस आणि माझी डॉक्टरेट कामी आली.

दिल्ली विमानतळाच्या बसपाशी तिचं सगळं खानदान हजर. तिच्या सरदारजी वडिलांनी माझे दोन्ही हात धरले. "प्रोफेसर साब, कुडी हुण तुहाडे हवाले!" म्हणजे मुलगी आता माझ्या हवाली.

"पक्का!" मी म्हणालो.

तेवढ्यात तिच्या आजींनी दही-साखरेची वाटी काढली. आपल्याकडच्या सवयीने मी तळहात पसरला. दही गुरनूरसाठी होतं हे फार उशिरा लक्षात आलं! आजी समजूतदार. त्यांनी आधी मला भरवलं.

*

वाटेत मुरथलला पराठे खायला थांबलो. कुणी मागे राहू नये म्हणून मीच आधी बसमध्ये चढलो आणि ओरडलो, "सगळ्यांनी पासपोर्ट वर करा!"

मग फेटा बांधलेले एक काका उठले. "जी, आधार चलेगा?"

मी कुणाच्या तरी वरातीच्या बसमध्ये होतो!

मला शोधत गुरनूर आली. फोन तिच्या कानालाच होता. "जी पापा, मिल गए. यहीं हैं, मेरे सामने." बिचारा बाप, मी मुलीजवळ आहे ना याची खात्री करून घेतोय, असं वाटून मला भरून आलं.

*

निघण्यापूर्वी मी सगळ्यांच्या बॅगा लॅबच्या काट्यावर तोलून घेतल्या होत्या. तीन-तीनदा, मग सरासरी! दिल्ली विमानतळावर सगळ्या बॅगा सरसर गेल्या. अडकली फक्त माझी. तोलून झाल्यावर आमच्या हिने तिच्यात भाजणी आणि लाडवांचा डबा सरकवला होता.

मोजमापात चुकीची मर्यादा सांगायची, हे मीच शिकवलेलं. मागून आवाज आला, "सर, एरर बार तो बताया ही नहीं!"

*

सिक्युरिटीला माझ्या हँडबॅगेतून पिवळ्या पावडरीची पुडी निघाली. ते होतं मेतकूट.

"ये क्या है?" जवानाने विचारलं.

मेतकुटाला हिंदीत काय म्हणतात? खोटं बोलायचं नव्हतं, म्हणून म्हणालो, "मिक्स्चर है. कम्पोझिशन मुझे एक्झॅक्टली मालूम नहीं!"

मला बाजूला घेतलं. शेवटी गुरनूर पुढे आली. "अंकलजी, आंटी ने बनाया है. चावल में डालते हैं." जवान हसला. मी सुटलो.

तिला मेतकूट कसं माहीत, हा प्रश्न मला तेव्हा पडलाच नाही.

*

मुलाखत उत्तम झाली. गुरनूर तिकडेच शिकली, तिकडेच नोकरीला लागली. कित्येक वर्षांनी तिच्या लग्नासाठी आम्ही दोघं मोहालीला गेलो. सरदारजींनी मला मिठी मारली. मी नम्रपणे म्हणालो, "तुम्ही माझ्यावर विश्वास टाकलात, म्हणून हे झालं."

ते खदखदून हसले. "तुमच्यावर? ओ जी, माझी तर 'नाही'च होती! आदल्या दिवशी भाभीजी घरी आल्या. म्हणाल्या, 'भाईसाब, हमारे साब अकेले कहीं नहीं जा सकते. आप की बेटी साथ में है, इसी भरोसे पे भेज रही हूँ.' आता एवढ्या बड्या प्रोफेसर साबना एकटं कसं सोडणार? दिवसभर फोन करून विचारत होतो, साब ठीक हैं ना?"

मी हिच्याकडे पाहिलं. ही शांतपणे जिलेबी खात होती.

"खरं का गं हे?"

"अहो, मग! पुडीत काय आहे तेसुद्धा तिलाच सांगून ठेवलं होतं."