बिनचूक बोलणारी मुलगी

परकी भाषा शिकवणाऱ्या बाईंना मुलं घाबरत नसत. घाबरत ती त्या भाषेला. म्हणून संगणकाच्या खोलीत संभाषणाच्या सरावाचा चॅटबॉट आला, तेव्हा सर्वांत हायसं वाटलं ते बाईंनाच. हेडफोन लावायचा आणि त्याच्याशी त्या भाषेत गप्पा मारायच्या. तो हसत नाही, कंटाळत नाही. "खुशाल चुका," बाईंनी वर्गाला सांगितलं, "तिथं ऐकणारं कुणी नाही."

सांगितलं तेव्हा ते अगदीच खोटं नव्हतं. प्रत्येकाचं बोलणं साठवलं जातं आणि आपल्या पडद्यावर उघडता येतं, हे बाईंना ठाऊक होतं. ते उघडायचं नाही, एवढं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

ठरवलेलं मोडलं ते शेवटच्या बाकावरच्या मुलीपायी. वर्गात तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. पोरांनी तिचं नाव 'कुलूप' ठेवलं होतं. हे कुलूप चॅटबॉटपाशी काय बोलतं, या उत्सुकतेनं बाईंनी तिचं साठवलेलं बोलणं उघडलं आणि त्या ऐकतच राहिल्या. क्रियापदं चुकत होती, काळ आडवेतिडवे पडत होते, पण गोष्ट सुसाट धावत होती: मावशी घोरते, खिडक्या थरथरतात, मांजर पलंगाखालून पळ काढतं, आणि सकाळी मावशीच विचारते, तुझे डोळे का गं तारवटलेत?

पालकसभेत बाईंनी ते सर्वांना ऐकवलं, वर वाक्यावाक्याचा अर्थही सांगितला. हेतू कौतुकाचाच होता. सभा खो-खो हसली. मुलीला सांभाळणारी मावशी तर डोळे पुसत म्हणाली, "घरात राहून शत्रूला बातम्या पुरवते बघा ही." मुलगी तेवढी हसली नाही. ती बाईंकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी बाई तिच्याशेजारी स्टूल ओढून बसल्या. कुणी ऐकणार नाही असं सांगून आपण ऐकलं, वर चारचौघांत वाजवलं. चूक सर्वस्वी आपली, हे त्यांनी आडपडदा न ठेवता कबूल केलं. यापुढे ते उघडणार नाही, असंही म्हणाल्या.

"हो, बाई," मुलगी अदबीनं म्हणाली.

मग तिनं हेडफोन चढवला. हवा छान आहे. माझी शाळा मोठी आहे. मला वाचायला आवडतं. पुस्तकातली वाक्यं एकामागून एक आली. एकही क्रियापद चुकलं नाही. चॅटबॉटनं शाबासकी दिली, पडद्यावर पैकीच्या पैकी गुण उमटले.

नेमक्या तेव्हाच मुख्याध्यापिका फेरी मारत तिथं आल्या. "पोरीचं बोलणं किती सुधारलं," त्या म्हणाल्या. "तुमच्या हाताला यश आहे हो."

बाईंच्या तोंडून होकार निघेना. नकार द्यायचा, तर मुलीची गोष्ट तिच्यादेखत पुन्हा तिसऱ्यापुढे मांडावी लागली असती. त्यांनी मान खाली घातली आणि ते कौतुक मुकाट्यानं ऐकून घेतलं.