साहेबाची काठी आणि जयबाईची मूठ

ऑफिसातले किस्से म्हणजे व्हरांड्यातला सागाचा पाला. सकाळी झाडून काढा, संध्याकाळी पुन्हा तेवढाच! आमच्या रेंज ऑफिसात तर एका काठीवरूनच इतके किस्से झाले, की बाकीचे सांगायला सवडच मिळत नाही.

पन्नास सालानंतरची गोष्ट. तेव्हा गडचिरोली चांदा जिल्ह्यातच होती. वैनगंगेच्या काठी, आरमोरीच्या अलीकडे आमचं ऑफिस. मी क्लार्क. रेंजर दाते साहेब मूळचे पुण्याचे, शब्दाला पक्के आणि हट्टाला त्याहून पक्के. त्यांचा जुना गोरा वरिष्ठ विलायतेला परत जाताना आपली मासे धरायची काठी त्यांना देऊन गेला होता. चिरलेल्या बांबूची, लांब पण हलकी, दोन्ही हातांनी धरायची. दोराच्या टोकाला पिसांची खोटी माशी बांधायची आणि लांब फेकायची. काठी टिकली, पण तिचा रेशमी दोर वाळवीनं खाल्ला.

दर नाताळला त्या गोऱ्या म्हाताऱ्याचं कार्ड यायचं. त्यात एकच प्रश्न, "काठीनं दोर फेकला का?" साहेब दरवर्षी खरं तेच लिहायचे, "अजून नाही." त्या साली कार्डाखाली त्याच्या मुलीच्या दोन ओळी होत्या. वडील अंथरुणाला खिळलेत, पण तुमच्या उत्तराची वाट बघतात. साहेबांनी ते कार्ड टेबलाच्या काचेखाली ठेवलं. म्हातारा आहे तोवर त्याला 'हो' लिहायचंच, असं त्यांनी मनाशी घेतलं.

*

पहिला दोर शिंप्याकडचा. शिलाईचा धागा, तीन पदरी. साहेब गुडघाभर पाण्यात उभे राहिले आणि जोर लावून काठी फिरवली. काठी वाकायलाच तयार नाही! माशी येऊन बसली साहेबांच्या टोपीवर. असं अकरा वेळा झालं.

फॉरेस्ट गार्ड सखाराम काठावरून म्हणाला, "साहेब, मासे तिकडं हायेत जी!"

*

मग तंबूची दोरी. या वेळी काठी इतकी वाकली की मोडते की काय, असं वाटलं. दोरी मागं गेली ती पुढं येईचना. साहेबांनी हिसका दिला, तसा मागं उभ्या असलेल्या सखारामचा फेटा उडाला आणि नदीत पडला.

फेटा पाण्यातून काढून पिळता पिळता तो म्हणाला, "मासे भेटत नाई म्हणून मलेच गळाले लावून राह्यले का जी?"

*

शेवटी साहेबांनी कलकत्त्याच्या एका दुकानाला पत्र टाकलं. तिकडून उत्तर आलं, "वजन कळवा." ऑफिसात डिंक मोजायचा तराजू होता. मी जातीनं काठी तोलली. बरोब्बर सहा छटाक! कळवून टाकलं. दोन महिन्यांनी वडशाच्या स्टेशनवर पार्सल आलं. सहा छटाक दोर!

दुकानदाराला वजन हवं होतं दोराचं, आणि मी कळवलं काठीचं. दोर मात्र वाया गेला नाही. त्यावर साहेबांच्या घरचं धुणं कित्येक वर्षं वाळलं.

*

हे सगळं सोमाजी ढिवर रोज जाळं टाकता टाकता बघत होता. एके दिवशी तो जवळ आला.

"साहेब, एक बोलू का जी? तुमी माशी फेकून राह्यले. तिले वजनच नाई, ते कशी जाईन? दोर फेका. आमचं जाळं बी आपल्या वजनानंच जाते."

"मग दोर किती वजनाचा हवा?"

"ते आमच्या घरी पुसा. कोश्याचं सूत तेच काढते."

त्याची बायको जयबाई. तिनं काठी आडवी धरायला लावली, शेंड्याला फडक्याची पुरचुंडी बांधली आणि तीत मुठीतले थोडे थोडे तांदूळ टाकू लागली. मूठ संपली. वर दोन चिमट्या टाकल्या आणि थांबली.

"लोंबी भरली का धान वाकते, तसं वाकलं पायजे. कमी नाई, जास्त नाई."

मग मांडीवर कोशाचं, म्हणजे रानातल्या रेशमाचं, सूत वळून तिनं दोर विणला, मध्ये जाड, टोकाला बारीक. तराजूच्या एका पारड्यात ती पुरचुंडी, दुसऱ्यात दोर. दोन्ही सारखी झाल्यावर दोराला जवसाचं तेल चोळून तो आठ दिवस सावलीत वाळवला.

*

साहेब पुन्हा पाण्यात उतरले. दोर डोक्यावरून मागं गेला, पूर्ण उलगडला आणि सरळ पुढं निघाला. पार पलीकडच्या खडकाजवळ, आवाज न करता पाण्यावर उतरला. साहेबांचे डोळे भरून आले. खरं सांगतो, माझेही.

सोमाजी म्हणाला, "ओढा जी, लागला असन एखादा!"

सखारामनं खिसा चाचपला. "साहेब, माशी तं माह्या खिशातच हाये!"

"असू दे," साहेब म्हणाले. "कार्डात त्यांनी मासा कुठे विचारलाय?"

*

त्याच दुपारी मी पत्र लिहायला घेतलं, साहेब सांगत होते. नाताळची वाट कोण बघतो! 'दोर फेकला' लिहून झालं. मग साहेब म्हणाले, "दोराचं वजनही लिहा."

"किती लिहू?"

"जयबाईची एक मूठ तांदूळ, वर दोन चिमट्या."

"साहेब, विलायतेत ते कसं कळणार?"

"छटाकात कळवून बघितलं की एकदा!"

मी तसंच लिहिलं.

अडीच महिन्यांनी उत्तर आलं. साहेबांनी ते उभ्याउभ्याच उघडलं. आत एकच कागद, त्यावर पेन्सिलीनं काढलेला हाताचा पंजा. रेघ थरथरलेली, पण पाचही बोटं नीट. खाली म्हाताऱ्याच्याच अक्षरात एक ओळ, "तिला आपला हात यावर ठेवून बघायला सांगा."

आम्ही तो कागद घेऊन जयबाईकडे गेलो. तिनं पदराला हात पुसला आणि कागदावर ठेवला. तिची बोटं एकेक पेर आखूड पडली.

"बुढ्याचा पंजा मोठा हाये जी," ती म्हणाली. "त्याले लिहा, वरच्या चिमट्या टाकू नोका. निस्ती मूठच पुरन."